पांढरे ठिपके, १०० वॅटचा हीटर आणि आठ महिने: परभणीतला अनुभव

डिसेंबरात टाकीतले चार मासे दोन दिवसांत गेले, त्यानंतर मी हीटर घेतला. त्याला आता आठ महिने झाले. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर औषधं कुठली घालायची हे जो तो सांगतो, हीटरबद्दल मात्र मला कोणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टाकी दोन बाय एक बाय एक फुटांची आहे. हिशेबाने ५६ लिटरची भरते, पण खाली खडी आणि वर चार बोटं मोकळी जागा सोडली की खरं पाणी ४५ लिटरच उरतं. औषधाचा डोस याच ४५ वर काढायचा. आत सहा विडो टेट्रा, चार मोली आणि दोन कोरी असे मासे होते. संभाजीनगरहून दोन एंजल मासे आणले, रेल्वेत पिशवी स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर धरून. घरी आल्यावर पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगवली आणि मासे सरळ टाकीत सोडले. चूक झाली ती इथेच.

पाचव्या दिवशी पोरगी म्हणाली, "पप्पा, हा टेट्रा दगडाला अंग घासायलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शेपटीवर रव्याचे कण चिकटावेत तसे सात-आठ ठिपके होते. दुकानातून निळी बाटली आणली, म्हणजे मिथिलीन ब्लू, आणि टाकीतच ओतली. तीन दिवसांत ठिपके गेले. घरात सगळ्यांना आनंद झाला, मी औषध थांबवलं. आठव्या दिवशी ठिपके दुपटीने आले, मासे वर येऊन तोंड उघडत होते. मिथिलीन ब्लूने फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात आणि पाण्यात अमोनिया वाढतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कल्ल्यांत परजीवी आणि पाणी बिघडलेलं, अशा दुहेरी माराने चार टेट्रा गेले.

माझी पुतणी बीएस्सी झूलॉजीला आहे. नुकत्याच मेलेल्या माशाच्या अंगावरचा चिकटा तिने काचपट्टीवर घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. गोल, गडद, सावकाश गरगर फिरणारा जीव, आणि आत घोड्याच्या नालेसारखं वळलेलं केंद्रक. त्याचं नाव इक्थायोप्थिरियस मल्टिफिलिस. तो त्वचेच्या वरच्या थराखाली बसून माशावर पोसला जातो, त्यामुळे तिथे असेपर्यंत औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की तो सुटून खाली पडतो, खडीवर कवच करून बसतो आणि आतल्या आत विभागत शेकडो पिल्लं सोडतो. या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते एवढ्याच काळात. म्हणजे माझे ठिपके गेले तेव्हा रोग माशांवरून उतरून खडीत बसला होता.

हे सगळं चक्र पाण्याच्या उष्णतेवर चालतं. २५ अंशांना साधारण पाच-सहा दिवस, थंड पाण्यात कित्येक आठवडे. परभणीची थंडी कशी असते ते इथल्यांना सांगायला नको. माझ्या टाकीत तेव्हा १९ अंश होते. औषध तीन दिवस आणि चक्र कितीतरी लांब, मग गुण कुठून येणार? पाणी ३० अंशांवर नेलं की चक्र भरभर पुढे सरकतं आणि परजीवीची नवी पैदास जवळपास थांबते.

हीटर सहाशेच्या आत मिळाला. पहिली तक्रार त्याच्या तापमान लावायच्या चकतीची. ३० वर लावला, पाणी मात्र साडेसत्तावीसच. वेगळा काचेचा थर्मामीटर लावल्यावर हे कळलं, आणि माझे चार दिवस फुकट गेले. म्हणून हीटर घ्याल तेव्हा थर्मामीटरही घ्याच. त्याच्याशिवाय आपण अंधारात आहोत.

नंतरचे चौदा दिवस असे काढले. पाणी रोज दोन अंशांनी चढवलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवला, नाहीतर तो औषध शोषून घेतो. औषध मॅलाकाइट ग्रीनचं, हातमोजे घालून; उजेडात ते कमकुवत होतं, म्हणून टाकीचा दिवा बंद. कोरींना हे औषध सोसत नाही, त्यामुळे डोस लेबलाच्या निम्मा. जाडं मीठ लिटरला एक ग्रॅम. दिवसाआड खडीतला गाळ नळीने ओढून चौथा हिस्सा पाणी बदललं आणि काढलेल्या पाण्यापुरतंच मीठ परत घातलं. शेवटचा ठिपका सहाव्या दिवशी दिसला. तरी चौदा दिवस पूर्ण केले. त्यानंतर एकही मासा गेला नाही.

रात्रीच्या लोडशेडिंगची मोठी धास्ती होती. पहिल्याच रात्री वीज गेली, तेव्हा आई आतून वाकळ घेऊन आली. "मासे कुडकुडायलेत की रे," म्हणाली आणि स्वतःच टाकीला तिन्ही बाजूंनी गुंडाळली. तीन तासांत पाणी जेमतेम दीड अंश उतरलं. पंप तेवढा इन्व्हर्टरवर ठेवला.

विजेचं म्हणाल तर दिवसातला निम्मा वेळ हीटर पेटतो असं धरलं तरी दिवसाला सव्वा युनिटच्या आत. जानेवारीनंतर २६ वर ठेवला, एप्रिल-मेमध्ये काढूनच टाकला, कारण उन्हाळ्यात पाणी आपोआप ३२ च्या वर जायचं. आमचं बोअरचं पाणी जड आहे, दोन महिन्यांत हीटरच्या काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो. बाहेर काढून लिंबाने चोळला की निघतो, नंतर स्वच्छ धुवायचा. पाणी बदलण्याच्या पंधरा मिनिटं आधी प्लग काढायचाच. तापलेली काच उघडी पडली की तडकते. हीटर काचेला चिकटवणाऱ्या रबरी चकत्या मात्र सहाव्या महिन्यात कडक झाल्या, हीटर आता तिरपा लटकतो. या किमतीत ते खपवून घेतो.

नवा मासा आता आधी वेगळ्या टबात, एक महिना, त्याच हीटरवर. जाळी आणि पाइपही टबाचे वेगळे, कारण ओल्या जाळीतूनही हा रोग जातो. टबात सध्या चार टेट्रा आहेत. गेलेल्यांच्या जागी आणलेत. पोरगी कॅलेंडरवर रोज फुली मारते, आज सतरावी झाली.