जुन्या सिटी व्हीटेकचं इंजिन: हाफ, फुल, ट्यूनिंग की दुसरं इंजिन?

गेल्या वर्षी खंबाटकी चढताना माझ्या २००२ च्या होंडा सिटी व्हीटेकच्या मागे निळसर धूर दिसायला लागला. ऑइल हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर कमी व्हायचं. ज्यांनी ही गाडी जपून ठेवली आहे, त्यांच्यावर हा दिवस आज ना उद्या येतोच. चार मेकॅनिकना विचारलं आणि चार सल्ले मिळाले. एक म्हणाला हाफ इंजिन करा (फक्त हेड आणि पिस्टन-रिंगांचं काम), दुसरा म्हणाला फुल बांधून घ्या (पूर्ण इंजिन खोलून). तिसऱ्याचं म्हणणं, खोलतोच आहात तर वेगळा कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि हेडर (इंजिनाजवळचे एक्झॉस्ट पाइप) टाकून ट्यून करा. चौथा म्हणाला, कशाला खर्च करता, मुंबईहून दुसरं इंजिन आणून बसवू. वर्षभर या चारही वाटांची चौकशी केली आणि त्यातली एक निवडली. आज जे कोणी त्याच जागी उभे असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी इंजिनाविषयी थोडं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. १४९३ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८४.५, एकच कॅम, सोळा वॉल्व्ह, ताकद साधारण १०६ बीएचपी. २००३ च्या शेवटी आलेल्या ‘डॉल्फिन’ सिटीच्या पहिल्या इंजिनाची ताकद ७७ होती, त्यावरून या जुन्या इंजिनाचं मोल कळावं. प्रत्येक सिलिंडरच्या इनटेकला तीन रॉकर (कॅमचा धक्का वॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे) असतात. आरपीएम वर गेले की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, तिन्ही रॉकर जोडले जातात आणि वॉल्व्ह मोठ्या कॅमवर चालायला लागतात. यालाच व्हीटेक म्हणतात, म्हणजे व्हीटेक चालतो तो ऑइलवर. ऑइलचा दाब, ऑइलची स्वच्छता आणि ऑइलची पातळी यात खोट असेल, तर बाकी कितीही भारी पार्ट टाका, वरची ती ओढ मिळणार नाही.

हाफ की फुल?

हे मेकॅनिकच्या अंदाजावर सोडू नका, गेजला ठरवू द्या. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये कुठलाही सिलिंडर १३५ पीएसआयच्या खाली असेल, किंवा सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट सिलिंडरमध्ये २८ च्या वर फरक असेल, तर इंजिन खोलायला झालंय. मग त्याच सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा झटकन वर आला तर दोष रिंग-बोअरचा. जिथल्या तिथे राहिला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

धूरही बरंच सांगतो. सकाळी स्टार्ट केल्यावर किंवा सिग्नलला उभं राहून निघताना एक भपका येऊन थांबत असेल, तर बहुतेक वेळा वॉल्व्ह सील गेलेले असतात. अशी गाडी फुल बांधायला देणं म्हणजे पैसे वाया घालवणं. सील बदला, वॉल्व्ह लॅप करून (सीटवर घासून घट्ट बसवून) घ्या, टॅपेट (वॉल्व्हची फट) सेट करा आणि गाडी चालवा. पण चढावर लोड आला की धूर वाढत असेल, माझ्या गाडीसारखा, तर खाली बघायलाच हवं.

हाफ इंजिनमध्ये हेड उतरतं, पिस्टन बाहेर येतात, नव्या रिंगा पडतात, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा मुख्य दांडा) जागेवरच राहते. खर्च कमी आणि गाडी चार-पाच दिवसांत परत, म्हणून मोह होतो. पण नवी रिंग गोल असते आणि झिजलेला बोअर गोल राहिलेला नसतो. वरच्या टोकाला, जिथे रिंग उलटी फिरते, तिथे झीज सर्वांत जास्त होते आणि त्याच्या वर एक बारीक कड उरते. हेड उतरल्यावर बोअरच्या तोंडाशी आतून बोटाचं नख वर ओढून बघा. नख अडकलं तर हाफ इंजिनचा विचार तिथेच सोडा. वर-खाली मापात ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर नव्या रिंगा फार दिवस टिकत नाहीत, धूर परत येतो आणि तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. बोअर मापात असेल, क्रँकचा आवाज नसेल आणि गरम इंजिनला ऑइलचा दाब नीट मिळत असेल, तरच हाफ करावं. दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या गाडीत या तिन्ही गोष्टी एकत्र जुळणं कठीण.

कंपनीच्या मापात फुल बांधणी

ही वाट मी निवडली. ब्लॉक कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला नेला, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या इंजिनाचं मशीनिंग चालत आलंय. तिथल्या कारागिराने पहिल्याच वाक्यात माझा विश्वास जिंकला. म्हणाला, “पिस्टन कुठायत? आधी पिस्टन आणा, मग बोअर करतो.” बोअर कापून मोठा केला की लागणाऱ्या ओव्हरसाइज पिस्टनच्या खोक्यावर ०.५० (मिलिमीटर) लिहिलेलं असलं तरी त्या आकड्यावर बोअर करायचं नसतं. हातात आलेला पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्या पिस्टनला बोअर करायचा. मधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते. जास्त राहिली तर थंड इंजिन टकटक करतं, कमी पडली तर घाटात पिस्टन धरतो, म्हणजे बोअरमध्ये अडकून बसतो.

त्याने प्रत्येक बोअर तीन खोलींवर आणि दोन दिशांनी मोजला. म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं, ब्लॉकवरच खडूने लिहिलेली. तिसऱ्या सिलिंडरची मापं सर्वांत वाईट निघाली. माझ्यासमोर डायलचा काटा हलताना बघितला आणि वर्षभराचा धूर कुठून येत होता ते समजलं. जो मशीनवाला तुमच्यासमोर मापं घेत नाही, त्याला ब्लॉक देऊ नका. मला हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत लोखंडी लायनर. हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडा होतो. म्हणून हेडच्या जागी जाड प्लेट आवळून होनिंग (बोअरची शेवटची बारीक घासणी) करणारा माणूस मिळाला तर त्याच्याकडेच द्या. होनिंगच्या रेघा एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या दिसल्या पाहिजेत, त्यांच्यात ऑइल धरून राहतं.

बेअरिंगमध्ये तर भलेभले चुकतात. होंडाचे बेअरिंग रंगाने निवडायचे असतात. ब्लॉकवर आणि क्रँकवर खुणा कोरलेल्या असतात, त्यांची जोडी जुळवून कुठल्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कुठल्या रंगाचं बेअरिंग ते ठरतं. ‘स्टँडर्ड सेट द्या’ म्हणून काउंटरवरून उचलून आणलेला सेट बसतो खरा, पण एखाद्या जर्नलवर फट जास्त राहते, ऑइलचा दाब पडतो आणि ऑइल कमी मिळालं की व्हीटेक लागत नाही. क्रँकच्या ऑइल-होलपासून थोडं बाजूला प्लास्टिगेजचा (फट मोजायच्या मऊ प्लास्टिकचा) धागा ठेवून कॅप आवळा, पुन्हा उघडा, चपटा झालेला धागा पट्टीशी लावून बघा. हे काम अर्ध्या तासाचंही नाही.

एक दुःखाची गोष्टही सांगतो. या गाडीच्या आधी माझ्याकडे असलेलं इंजिन एका गॅरेजने बांधलं आणि ब्लॉक नुसता डिझेलने धुतला. होनिंगची बारीक कच ऑइलच्या वाटांमध्ये राहिली आणि तीन महिन्यांत बेअरिंगवर ओरखडे उमटले. तेव्हापासून माझा नेम असा: गरम पाणी, साबण, लांब ब्रश, प्रत्येक ऑइल-वाट हवेने फुंकून घ्यायची आणि शेवटी पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवायचं. फडकं राखाडी झालं तर परत धुवायचं.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि सगळे ऑइल सील याच वेळी नवे घाला. बेल्ट तुटला तर या इंजिनात पिस्टन वॉल्व्हवर आदळतो. मेकॅनिक होंडाच्या जुन्या इंजिनांत नवखा असेल तर त्याला आधीच सांगा, हे इंजिन उलटं, म्हणजे बेल्टच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या विरुद्ध फिरतं. टायमिंग लावताना नेहमीच्या सवयीने फिरवलं तर चुकतं.

ट्यूनिंग

मनापासून सांगतो, मलाही याचा मोह झाला होता. म्हणून आधी हिशोब करून बघितला. ०.५० ओव्हरसाइज केलं की १४९३ चं १५१३ सीसी होतं, जेमतेम वीस सीसी वाढतात. ‘बोअर मारलं की पिकअप वाढतो’ ही समजूत इथेच संपते. पिकअप वाढतो तो गेलेलं कॉम्प्रेशन परत आल्यामुळे. थकलेल्या गाडीतून नव्या बांधणीवर येताना जो फरक जाणवतो, तो बहुतेक वेळा कॅम-हेडरने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

रस्त्यावरच्या गाडीला सिग्नल ते सिग्नल जायचं असतं. वॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम वरच्या आरपीएमला चांगला पळतो, पण तो ओढून घेतो खालची ताकद. एसी लावून सिंहगड रोडच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना गाडी झटके देते, आयडल डळमळतं. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं की साध्या पेट्रोलवर, कडक उन्हात, चढावर नॉकिंगची (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांची) भीती. टर्बो बसवायचा तर क्लच, रेडिएटर, इंधन आणि कनेक्टिंग रॉड सगळंच बदलावं लागतं. तो वेगळा प्रकल्प आहे, रोजच्या गाडीत तो करू नये असं माझं ठाम मत आहे.

मात्र काही ट्यूनिंग मी आनंदाने केलं आणि सुचवतोही. वॉल्व्हच्या सीट तीन कोनांत कापून घेतल्या. मॅनिफोल्ड आणि हेडच्या तोंडांवर गॅस्केटची कड आत येत होती ती सारखी केली. चारही पिस्टन आणि रॉड वजनकाट्यावर ग्रॅममध्ये जुळवले. इंजेक्टर साफ करून चारही सारखा फवारा देतात हे तपासलं, ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला. यातल्या कशानेही आयडल बिघडत नाही, कागदपत्रं बदलत नाहीत आणि वरच्या आरपीएमला इंजिन जे गुळगुळीत फिरतं ते पहिल्या दिवसापासून कळतं. चांगल्या जोडणीचा हेडर घालायचाच असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) ठेवूनच घाला, पीयूसीत अडचण येत नाही आणि मागे बसलेल्यांना वासही येत नाही.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाला विसंगत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवायला आरटीओत गाडी दाखवावीच लागते, तेव्हा आवाज आणि धूर लपत नाहीत.

दुसरं इंजिन

कुर्ल्याच्या बाजारात किंवा ओळखीतून इंजिन मिळतं, त्याच कुटुंबातलं ९० स्ट्रोकचं १६०० सीसी इंजिनही काही जण बसवतात. पण बाहेरून धुऊन चकचकीत केलेल्या इंजिनाच्या आत काय आहे ते खोलल्याशिवाय समजत नाही. खोललं की तेही बांधावंच लागतं. शिवाय इंजिन नंबर आरसीवर चढवायचा म्हणजे ते ज्या गाडीचं होतं तिचे कागद, बिल हे सगळं हवं. कागद नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचंही निघू शकतं. ब्लॉक फुटला असेल, रॉड बाहेर आला असेल, तरच ही वाट धरा.

एक गोष्ट चारही वाटांना लागू आहे. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इंजिन खाली असतानाच इंधनाचे जुने रबरी पाइप बदलून टाका, टाकी उतरवून आतला गंज बघा, फिल्टर नवा घाला. नव्या बांधलेल्या इंजिनात एक इंजेक्टर कचऱ्याने तुंबला आणि तो सिलिंडर लीन (हवेच्या मानाने कमी इंधनावर) चालला, तर सगळी मेहनत पिस्टनच्या माथ्यावर जळते.

बांधल्यानंतर पहिले हजार किलोमीटर साधं मिनरल ऑइल वापरलं. एकाच वेगाने हायवेवर नेली नाही. उलट कात्रजच्या चढाला तिसऱ्यात अर्धा ॲक्सिलरेटर, उताराला पाय काढून गिअरमध्येच, असं वारंवार. रिंगा बोअरवर बसायला हा चढ-उतारच लागतो. पहिलं ऑइल पन्नास किलोमीटरला सोडलं, त्यात बारीक चमक होती. दुसरं पाचशेला, त्यात नव्हती. हजारला थंड इंजिनवर टॅपेट पुन्हा बघितले, इनटेक ०.१८ ते ०.२२, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७. दुसऱ्या सिलिंडरचा एक एक्झॉस्ट कमी पडला होता, तो सेट करून कव्हर लावलं आणि त्याच संध्याकाळी पहिल्यांदा आरपीएमचा काटा व्हीटेकपर्यंत नेला.