न्यूज ऑन एअर: दूरच्या केंद्रांचे जवळचे आवाज

प्रसारभारतीचे ‘न्यूज ऑन एअर’ हे विनामूल्य ॲप मी मुख्यतः रत्नागिरी, परभणी आणि पणजी ही केंद्रे ऐकण्यासाठी वापरतो, कारण एरवी आपापल्या टापूपुरतेच ऐकू येणारे आकाशवाणीचे आवाज त्यामुळे परदेशातल्या मराठी माणसापर्यंतही पोहोचतात. कोकणातल्या बोलीची लय, मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा पिकाविषयीचा प्रश्न, पणजीवर कोकणीच्या शेजारी नांदणारी मराठी, हे सारे मला अन्य कोणत्याही ॲपवर एकत्र सापडलेले नाही.

मतांच्या वैविध्याबाबत मात्र माझी अपेक्षा याहून मोठी आहे. १९९०च्या प्रसारभारती कायद्याने परस्परविरोधी मतांसह समतोल माहिती देण्याचे कर्तव्य या संस्थेवर सोपवले आहे, आणि खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःची बातमीपत्रे देण्याची मुभा नसल्याने रेडिओच्या श्रोत्यासाठी ते कर्तव्य अधिकच मोलाचे ठरते. ही संस्था मोठ्या प्रमाणात केंद्र सरकारच्या अनुदानावर चालत असल्यामुळे, सरकारी घोषणेइतकाच वेळ तिच्यावरील आक्षेपालाही मिळावा, असे मला मनापासून वाटते.

लोकसंगीत आणि प्रादेशिक बातम्या यांसाठी हे ॲप अवश्य घ्यावे. सुरुवात आपल्या जिल्ह्याच्या केंद्रापासून करावी.