‘सूज आहे, उतरेल’ : छातीच्या ऑपरेशनच्या नावाखाली झालेली फसवणूक

ज्या पुरुषाची छाती बाईसारखी दिसू लागते तो सहसा कुणाला काही सांगत नाही. सैल शर्ट घालतो, खांदे पुढे काढून चालतो, पोहायला चला म्हटलं की काहीतरी कारण काढतो. माझीही बरीच वर्षं अशीच गेली. पण हे लिहितोय ते त्या लाजेबद्दल नाही, तर तिच्यावर ज्यांचा धंदा चालतो त्यांच्याबद्दल. लाजणारं गिऱ्हाईक बोभाटा करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

गायनेकोमॅस्टिया हे या दुखण्याचं वैद्यकीय नाव. यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि माझी सगळी फसवणूक त्या दोन गोष्टींच्या मधल्या फटीतून झाली. एक म्हणजे चरबी. दुसरी म्हणजे निप्पलमागे वाढलेली खरी स्तनग्रंथी. ती चाचपली तर बोटांखाली रबरासारखी घट्ट चकती लागते. चरबी लायपोसक्शनने, म्हणजे बारीक नळीतून ओढून काढता येते. ग्रंथी चिवट असते, साध्या नळीत ती सहजासहजी येत नाही. बहुतेक वेळा निप्पलभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेला छोटा छेद देऊन ती कापून काढावी लागते. हा छेद काही नवलाईचा नाही, वेबस्टर नावाच्या सर्जनने तो १९४६ सालीच मांडलेला आहे. (आणि पुरुषांची छाती कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचं वर्णन तर ७व्या शतकातल्या एजिनाच्या पॉल या ग्रीक वैद्याने केलेलं सापडतं. म्हणजे लाजणारे आपण पहिले नाही.)

एका हॉस्पिटलने मला जे विकलं ते ‘लायपोसक्शन आणि ग्रंथी काढणे’. प्रत्यक्षात झालं ते नुसतं लायपोसक्शन. हा फरक मला बरेच महिने कळू नये याची सोय शरीरानेच करून ठेवली होती, आणि ती सोय त्यांनी पुरेपूर वापरली.

पहिल्या भेटीत डॉक्टर कमी आणि हॉस्पिटलची काउन्सेलर जास्त भेटली. गोड बोलणारी, पाठांतर चोख. फोटोंचा अल्बम दाखवला. ‘आधी’च्या फोटोत माणूस खांदे पाडून, वरून पडणाऱ्या उजेडात उभा, ‘नंतर’च्या फोटोत तोच माणूस छाती ताणून, समोरून येणाऱ्या मऊ उजेडात. निप्पल थंडीने आकसली तरी छाती बरीच सपाट दिसते, हे मला पुढे दुसऱ्या सर्जनने सांगितलं. फोटोंची तुलना करायची तर अंतर तेच हवं, उजेड तोच हवा, हात खाली सैल सोडलेले हवेत आणि छाती ढिली हवी. यातली एकही अट अल्बममधले फोटो पाळत नव्हते. त्यात ‘आज बुकिंग केलं तर सवलत’ हे आलंच. ऑपरेशनवर आजपुरती सवलत असते हे ऐकूनच खरं तर उठून यावं.

ऑपरेशनआधी मुळात छाती का वाढली याचा शोध घ्यावा लागतो. वयात येताना अनेक मुलांना असं होतं आणि त्यातल्या बहुतेकांचं आपोआप बरं होतं. मोठ्या वयात झालं तर औषधं तपासतात, कारण रक्तदाबावरचं स्पायरोनोलॅक्टोन, केस गळू नयेत म्हणून घेतलं जाणारं फिनास्टेराइड, मानसोपचारातलं रिस्पेरिडोन आणि जिममध्ये घेतली जाणारी अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स यांनी हे होऊ शकतं. वृषणं तपासतात, कारण क्वचित तिथल्या गाठीमुळेही छाती वाढते. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉल, प्रोलॅक्टिन ही हार्मोन, तसंच थायरॉइड आणि यकृत यांच्या रक्ततपासण्या गरजेप्रमाणे होतात. माझ्या पॅकेजच्या कागदावर ‘हार्मोन प्रोफाइल’ असं ठळक छापलेलं होतं. फाइलमध्ये तो रिपोर्ट कधी आलाच नाही. रक्त घेतलं ते हिमोग्लोबिन, साखर आणि रक्त गोठण्याच्या चाचणीपुरतं. औषधांबद्दल कुणी विचारलं नाही. सिगारेटबद्दलही नाही, आणि हे जास्त गंभीर होतं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला उशीर होतो आणि कडेची त्वचा मरू शकते. म्हणून निदान ४ आठवडे आधीपासून सिगारेट बंद करायला सांगतात, पुष्कळ सर्जन निकोटिनचे पॅच आणि च्युइंगमसुद्धा चालवून घेत नाहीत. मी ओढत नाही म्हणून माझं निभावलं.

त्याऐवजी माझ्या हातात आलं ‘रिकव्हरी किट’. सक्तीचं, वेगळ्या पैशांचं. त्यात मलमं होती, एक छातीला घट्ट बसणारी व्हेस्ट होती आणि ‘जखम लवकर भरण्यासाठी’ म्हणून कॅप्सूल होत्या. त्या ऑपरेशनच्या आधीपासूनच सुरू करायच्या. पाकिटावर घटकांत पहिलंच नाव व्हिटॅमिन ई. आता गंमत बघा. याच हॉस्पिटलच्या छापील सूचनांत ‘ऑपरेशनपूर्वी बंद ठेवा’ या यादीत अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनच्या खाली व्हिटॅमिन ई आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल लिहिलेल्या होत्या, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. एका हाताने बंद करा सांगायचं आणि दुसऱ्या हाताने विकायचं. (ज्यांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांनी असली यादी वाचून ती परस्पर बंद करू नये. ती ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना आधी विचारायचं.)

ऑपरेशनच्या दिवशी ज्या सर्जनना भेटून मी होकार दिला होता ते नव्हतेच. ‘सर एका मोठ्या केसमध्ये अडकलेत, हे त्यांच्याच टीममधले.’ उपाशी पोटी, गाऊन घालून, छातीवर पेनाच्या खुणा असताना माणूस काय वाद घालणार? ही वेळ त्यांनी निवडलेली असते. सर्जनचं नाव संमतीपत्रावर आदल्या भेटीतच लिहून घ्यावं आणि माणूस बदलला तर ऑपरेशन पुढे ढकलण्याचा हक्क तिथेच नोंदवावा. संमतीपत्रावरच्या ओळीकडेही नीट बघा. माझ्या कोटेशनमध्ये ‘लायपोसक्शन आणि ग्रंथी काढणे’ होतं, संमतीपत्रात ‘लायपोसक्शन, गरज भासल्यास ग्रंथी काढणे’. सही घेणाऱ्या मुलीला विचारलं तर म्हणाली, कायद्यासाठी असं लिहावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सुरक्षा यादी काढली. तीन टप्प्यांत ती मोठ्याने वाचायची असते: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी. छेदाआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. शेवटच्या टप्प्यातला एक मुद्दा माझ्या कामाचा निघाला. शरीरातून काढलेल्या नमुन्यावरची चिठ्ठी रुग्णाच्या नावासकट वाचून दाखवायची. मला गुंगी होती, पण ‘तुमच्याकडे ही यादी भरतात का आणि तिची प्रत मिळेल का’ एवढं आधी विचारता येतं. उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघूनच पुष्कळ कळतं.

घरी आल्यावर त्या रात्री उजवी बाजू डावीपेक्षा फुगल्यासारखी वाटली. कार्डावरच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन केला तर पलीकडे तीच काउन्सेलर. ‘नॉर्मल आहे सर, सूज आहे, उतरेल.’ माझ्या बाबतीत ती खरंच उतरली, राहिला तो निळाजांभळा डाग. पण हे उत्तर फोनवरून, न बघता द्यायचं नसतं. या ऑपरेशननंतरची नेहमीची गुंतागुंत म्हणजे आत रक्त साकळणं, आणि तेही बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत. एकच बाजू झपाट्याने वाढली, ताठ झाली, दुखणं गोळीला दाद देईना, तर त्याच रात्री डॉक्टरांनी हात लावून बघायला हवं. फोन कोण उचलणार, डॉक्टर की विक्री विभाग, हे ऑपरेशनआधी विचारून ठेवायचं.

पुढचे आठवडे मी सगळं पाळलं. व्हेस्ट जवळजवळ दिवसरात्र, कारण ती सूज आवरते आणि त्वचा खालच्या थराला चिकटायला मदत करते. पाठीवर झोपणं, वजन न उचलणं, व्यायाम बंद. हे सगळं बरोबरच होतं, कुठल्याही सज्जन सर्जननेही हेच सांगितलं असतं. मला ज्यांनी फसवलं त्यांनी एकही वैद्यकीय गोष्ट धडधडीत खोटी सांगितली नाही. ‘सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला ६ महिने लागू शकतात’ हे खरं आहे. ‘निप्पलमागे थोडी ग्रंथी मुद्दाम ठेवतात’ हेही खरं आहे, कारण सगळीच काढली तर निप्पल बशीसारखी आत जाते. ‘आत व्रणाचा घट्टपणा असतो, तो हळूहळू मऊ पडतो’ हेही खरंच. निप्पलमागची चकती जशीच्या तशी हाताला लागतेय असं मी दर वेळी म्हणायचो आणि दर वेळी या तीन वाक्यांपैकी एक माझ्यासमोर यायचं. इंटरनेटवर शोधलं तरी तीच वाक्यं दिसायची, त्यामुळे मी गप्प बसायचो.

खरी मेख करारात होती. मोफत दुरुस्तीची मुदत ऑपरेशनपासून ६ महिने. आणि त्यांचंच म्हणणं, ६ महिने उलटल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. हे दोन्ही एकत्र वाचा.

मधल्या काळात ‘गाठ विरघळवण्यासाठी’ मशीनची सेशन्स आणि मसाज विकले गेले. हलक्या हाताचा मसाज सूज उतरायला मदत करतो असं पुष्कळजण मानतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वाढून घट्ट झालेली स्तनग्रंथी बाहेरून मशीन फिरवून विरघळत नाही. ‘आत काही शिल्लक नाही, फक्त सूज आहे’ असं म्हणणारेच ती ‘गाठ’ विरघळवायचे पैसे घेत होते.

शेवटी मी दुसऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी मला छातीचे स्नायू ताणायला सांगितले, मग सैल सोडायला सांगून दोन बोटांच्या चिमटीत निप्पलमागचा भाग धरून पाहिला, आणि सोनोग्राफीला पाठवलं. ऑपरेशनच्या बऱ्याच आधी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक सोनोग्राफी करून घेतली होती, ती सुदैवाने घरात सापडली. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. चरबी कमी झाली होती. ग्रंथीचं माप जवळजवळ तेच होतं. छेदाची खूण फक्त काखेच्या बाजूला, नळी घालण्यापुरती. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. काही सर्जन छोट्या छिद्रातूनही ग्रंथी ओढून काढतात, मग वर्तुळाच्या कडेला खूण राहत नाही. गंमत म्हणजे यांनीही मला थांबाच म्हटलं. पण का थांबायचं, किती थांबायचं आणि आज माप काय आहे हे सहीनिशी कागदावर लिहून दिलं. मग एक प्रश्न विचारला, जो मला आजवर कुणी विचारला नव्हता: ‘काढलेल्या ग्रंथीचा लॅबचा रिपोर्ट कुठे आहे?’

काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवण्याची पद्धत आहे. पुरुषांत स्तनाचा कर्करोग विरळा असला तरी होतो, म्हणून अनेक सर्जन ही तपासणी सोडत नाहीत. मी हॉस्पिटलला विचारलं. आधी म्हणाले, लॅबकडून यायचाय. मग म्हणाले, आम्ही तरुण पेशंटचे नमुने पाठवत नाही. फोनवरचं बोलणं थांबवून मी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. संपूर्ण केस पेपर मागितले: ऑपरेशनची नोंद, भुलेची नोंद, नर्सिंगच्या नोंदी, बिलाचा तपशील. बरीच टाळाटाळ झाल्यावर प्रती मिळाल्या. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, ‘लायपोसक्शन आणि दोन्ही बाजूंच्या ग्रंथी काढल्या.’ ऑपरेशनच्या नोंदीत किती द्रव सोडला, किती चरबी ओढली, टाका कुठे घातला, सगळं होतं. ग्रंथीचा उल्लेखच नव्हता. भुलेच्या नोंदीचा कागद तर नव्हताच, बिलात भूलतज्ज्ञाची फी मात्र होती.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागा. सुरुवातीलाच ठरवून घ्या की काढलेला भाग लॅबला जाईल आणि रिपोर्ट तुमच्या हातात येईल. एवढी एक अट घातली की नुसतं लायपो करून ग्रंथीचे पैसे लावणाऱ्याची पंचाईत होते. ऑपरेशनआधीची सोनोग्राफी बाहेर, स्वतंत्र ठिकाणी करून घ्या आणि स्वतःजवळ ठेवा. घरी स्वतःचे फोटोही काढून ठेवा, हात खाली, छाती ढिली, समोरून आणि दोन्ही बाजूंनी.

दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात हे मी लेखी कळवल्यावर पहिल्यांदाच खुद्द मालक-डॉक्टरांचा फोन आला. काही रक्कम परत करायची तयारी होती. अट अशी की तक्रार करणार नाही, कुठे काही लिहिणार नाही आणि समाधानी असल्याचा अभिप्राय देईन. तो मसुदाही मी जपून ठेवलाय.

दुसरं ऑपरेशन त्या दुसऱ्या सर्जनकडेच केलं, आधीचे व्रण मऊ पडल्यावर. यावेळी वर्तुळाच्या कडेला छेद होता. निप्पल बसू नये म्हणून तिच्यामागे पातळ थर ठेवला, बाकीची ग्रंथी काढली. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी येऊन माझ्याशी बोलून गेल्या. लॅबच्या रिपोर्टमध्ये उजवा आणि डावा असे दोन नमुने आहेत, प्रत्येकाचं वजन आणि माप दिलंय, आणि गायनेकोमॅस्टियाची ग्रंथी व तंतुमय ऊती, कर्करोगाची चिन्हं नाहीत, असा निष्कर्ष आहे. पहिल्या हॉस्पिटलने ‘काढल्या’ म्हणून लिहून दिलेल्या ग्रंथींचा हा रिपोर्ट मी त्यांच्या डिस्चार्ज कार्डाच्या प्रतीसोबत तक्रारीला जोडला आहे. त्यावर त्यांनी दिलेल्या उत्तरात म्हटलंय की ग्रंथी पुन्हा वाढली असावी. तसं असेल तर ती इतक्या लवकर का वाढली याचा शोध घेण्यासाठी लागणारी हार्मोन तपासणी, जिचे पैसे मी दिले होते, तिचा रिपोर्ट द्यावा, अशी मागणी मी आता केली आहे.