कीपासएक्ससी: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मी एकटी राहते आणि माझे काम बहुतेक घरूनच चालते, त्यामुळे दिवसातून दहा-बारा वेळा तरी कुठे ना कुठे लॉगिन करावेच लागते. अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत माझे पासवर्ड काही ब्राउझरमध्ये होते, काही एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर होते आणि उरलेले ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्याच्या भरवशावर चालत होते. ते सगळे मी कीपासएक्ससी या मोफत आणि मुक्त स्रोत प्रोग्रॅममध्ये आणले. पहिल्या आठवड्यातच लिहायला बसले असते तर हा अभिप्राय निव्वळ स्तुतीचा झाला असता, म्हणून मुद्दाम थांबले.

ऑनलाइन सेवा सोडून हा प्रोग्रॅम का निवडला, ते आधी सांगते. लास्टपास या प्रसिद्ध पासवर्ड सेवेने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले की, ग्राहकांच्या पासवर्ड-साठ्याच्या बॅकअपची प्रत चोरांच्या हाती लागली आहे. त्यातले पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते मात्र उघडे होते. अनेकांना ही गोष्ट किरकोळ वाटली. मला तीच जास्त खुपली. माणसाचे खाते कोणत्या बँकेत आहे, तो कोणत्या डॉक्टरांकडे जातो आणि रात्री कुठे गप्पा मारतो, हे सारे त्या पत्त्यांच्या यादीतून कळते. त्यासाठी एकही पासवर्ड फोडावा लागत नाही.

कीपासएक्ससीमध्ये खाते उघडावे लागत नाही आणि मध्ये कोणाचा सर्व्हरही नसतो. सगळ्या नोंदी एका कूटबद्ध फाइलमध्ये राहतात आणि ती फाइल आपल्याच संगणकावर असते. मूळ कीपास हा प्रोग्रॅम डॉमिनिक राइखल यांनी २००३ मध्ये विंडोजसाठी आणला. पुढे लिनक्सवाल्यांसाठी कीपासएक्स निघाला आणि त्याचे काम रखडल्यावर इतरांनी त्यातून कीपासएक्ससी पुढे नेला. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. फाइल उघडताना साधारण एक सेकंद थांबावे लागते. सुरुवातीला मला वाटले की माझा संगणक म्हातारा झाला आहे, पण तो विलंब मुद्दाम ठेवलेला आहे. फाइल उघडणाऱ्या मुख्य, म्हणजे मास्टर पासवर्डपासून तिची किल्ली तयार करण्याचे काम जाणूनबुजून जड केलेले असते. मला एका सेकंदाने काही फरक पडत नाही. लाखो पासवर्ड लावून पाहणाऱ्याला मात्र प्रत्येक प्रयत्नामागे तीच मेहनत करावी लागते.

रोजच्या वापरात ब्राउझरचे एक्स्टेंशन सर्वाधिक कामाला येते. ते पासवर्ड भरण्याआधी पानाचा पत्ता नोंदीतल्या पत्त्याशी ताडून पाहते. तिसऱ्या महिन्यात मला वीजबिल थकल्याचा एक संदेश आला आणि घाईत मी त्यातला दुवा उघडला. पान हुबेहूब होते, परंतु पासवर्डच्या चौकटीत नेहमी येणारी नोंद काही केल्या येईना. एक्स्टेंशन बिघडले, असे समजून मी हाताने पासवर्ड चिकटवायला निघाले आणि तेवढ्यात पत्त्यातले एक जादा अक्षर दिसले. घरात ‘हे जरा बघ रे’ म्हणायला दुसरे कोणी नसते, तेव्हा असा एक मख्ख साथीदार असलेला बरा.

हाताने कॉपी केलेला पासवर्ड क्लिपबोर्डवरून दहा सेकंदांत पुसला जातो. ही मुदत वाढवता येते. मी वाढवलेली नाही, पण चिडचिड पुष्कळदा झाली आहे. आपला एखादा पासवर्ड जुन्या चोऱ्यांमध्ये बाहेर पडला आहे का, हेही यातून तपासता येते. त्यासाठी हा प्रोग्रॅम ट्रॉय हंट या सुरक्षातज्ज्ञांच्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेला विचारतो, तेही आपण बटण दाबले तरच. आणि विचारताना पासवर्ड पाठवत नाही, तर त्याच्या हॅशची (पासवर्डपासून गणिताने काढलेल्या, उलटा न फिरणाऱ्या ठशाची) पहिली पाच अक्षरे तेवढी पाठवतो. माझे नऊ पासवर्ड त्या यादीत निघाले. त्यांपैकी एक मी जवळजवळ सगळीकडे वापरत होते, यापलीकडे त्याविषयी काही लिहिण्याची माझी तयारी नाही.

खरी अडचण फोनची आहे. कीपासएक्ससीचे स्वतःचे मोबाइल ॲप नाही. अँड्रॉइडवर मी कीपासडीएक्स हे वेगळे ॲप वापरते आणि फाइल दोन्हीकडे सारखी ठेवण्यासाठी सिंकथिंग. एकदा फोनचे वायफाय बंद असताना मी फोनवर एक नोंद बदलली आणि त्याच दिवशी संगणकावर दुसरी. संध्याकाळी फोल्डरमध्ये एकाऐवजी दोन फाइली बसलेल्या होत्या. चूक माझीच होती आणि उपायही प्रोग्रॅममध्येच होता: दोन डेटाबेस एकत्र करण्याची सोय नोंदनिहाय ताजा बदल ठेवते आणि जुना त्या नोंदीच्या इतिहासात टाकते. तरीही ज्यांना असे सोपस्कार नको असतील, त्यांनी सरळ एखादी चांगली ऑनलाइन सेवा घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

सहाव्या महिन्यात मी तापाने चार दिवस रुग्णालयात होते. माझ्या विम्याची माहिती हवी म्हणून धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा पॉलिसीचा क्रमांक त्या फाइलमध्ये होता, फाइल घरच्या संगणकावर आणि फोनवर होती, पण माझ्या डोक्यात सहा शब्दांचा मास्टर पासवर्ड नीट जुळत नव्हता. इथे ‘पासवर्ड विसरलात?’ असा दुवा नाही. कोणत्याही कार्यालयात फोन करून, ओळखपत्र दाखवून ही फाइल उघडून मिळत नाही. चोराला बाहेर ठेवणारी भिंत भावालाही बाहेरच ठेवते, हे मला ठाऊक होते. खाटेवर पडल्यावर त्याचा अर्थ कळला. भरल्या घरात निदान कोणाला तरी वही कुठे आहे एवढे माहीत असते.

घरी आल्यावर मास्टर पासवर्ड लिहून भावाला देणे हा सोपा मार्ग होता, पण तो मला पटला नाही. संकेतस्थळांच्या पत्त्यांबद्दल मी वर जे लिहिले, ते भावालाही लागू होते. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे. म्हणून माझी दोनशे दहा खाती त्याने पाहावीत असे नाही. शेवटी मी दोन डेटाबेस केले. एकात बँक, विमा, घरभाडे, वीज, ईमेल अशा सतरा नोंदी आहेत आणि दुसऱ्यात बाकीचे सगळे. हा प्रोग्रॅम दोन्ही फाइली शेजारशेजारच्या टॅबमध्ये उघडतो, त्यामुळे रोजच्या वापरात फरक पडत नाही. सतरा नोंदींची फाइल पेनड्राइव्हवर भावाकडे आहे आणि तिचा पासवर्ड बंद पाकिटात एका मैत्रिणीकडे.

मग आम्ही तिघांनी फोनवर रंगीत तालीम केली आणि ती साफ फसली. मी पासवर्डसाठी मराठी शब्द निवडले होते, टंकलेखन रोमन अक्षरांत केले होते आणि पाकिटातल्या कागदावर मात्र वाचायला सोपे म्हणून ते देवनागरीत लिहिले होते. त्यात एक शब्द ‘आज्ञा’ होता. मी ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय लिहिते, भाऊ जी-एन-वाय लिहितो आणि मैत्रीण जी-वाय सुचवत होती. ‘ताई, पुन्हा चूक दाखवतोय,’ हे वाक्य मी आठ वेळा ऐकले. ‘वाळवण’मधल्या पहिल्या ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, हा वाद तर तोवर सुरूही झाला नव्हता. ते सगळे शब्द मी रद्द केले, नवे निवडले आणि कागदावर ते एकेका रोमन अक्षराला वेगळी चौकट आखून लिहिले.

दुसऱ्या वेळी फाइल चार मिनिटांत उघडली. भावाने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, ‘एवढीच खाती आहेत तुझी?’ मी हो म्हटले.