जुना मातीचा बांध: दुरुस्त करावा, पातळी उतरवावी की काढून टाकावा?

जमिनीबरोबर कधीकधी एक छोटा मातीचा बांधही आपल्या नावावर येतो. तो कुणी घातला, आत कसली माती भरली, तळातून पाइप कशाचा टाकला, याचा कागद बहुधा सापडत नाही. अशा मालकापुढे तीन मार्ग असतात. नीट दुरुस्ती करून तलाव आहे तेवढा ठेवणं, सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, खाली उतरवून पाणी कायमचं कमी करणं, किंवा बांध रीतसर कापून ओढा मोकळा करणं. ‘इतकी वर्षं टिकलाय, आणखी टिकेल’ हा मार्ग मी धरतच नाही. माती खचते, पाइप गंजतो, मुळं आत शिरतात, आणि हे सगळं गवताखाली चालू असतं.

निवड करण्याआधी बांधाच्या माथ्यावर जा आणि तलावाकडे पाठ करून उभे राहा. खाली काय आहे? घरं, रस्ता, की नुसती पडीक जमीन? बांध किती धोक्याचा, हे आधी यावरून ठरतं, त्याच्या उंचीवरून नंतर. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधला लॉन लेकचा बांध एका खासगी सिंचन कंपनीचा होता, उंची अवघी 26 फूट. 15 जुलै 1982 रोजी तो फुटला. पाण्याच्या लोंढ्याने वाटेतला दुसरा बांधही नेला आणि तीन माणसं गेली. दोष होता तळातल्या पाइप आणि झडपेच्या सांध्यात.

दुरुस्ती

पाण्याची खरोखर गरज असेल आणि पुढची अनेक वर्षं देखभाल करायची तयारी असेल, तरच या मार्गाला जा. दुरुस्ती म्हणजे नुसती माथ्यावर माती टाकणं नव्हे. आधी गळती ओळखावी लागते. पायथ्याशी झिरपणारं पाणी स्वच्छ काचेच्या बाटलीत भरा, उजेडासमोर धरा, मग रात्रभर न हलवता ठेवा. नितळ असेल तर पाझर आहे, त्यावर नजर ठेवायची. तळाशी मातीचा थर बसला, तर बांध आतून पोखरला जातोय आणि त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवायचं. पुष्कळ जण अशा जागी चिकणमाती थापून ती बुजवतात. ही घातक चूक आहे. पाणी अडून दुसरीकडे वाट काढतं. तिथे वाळू-खडीचा गाळणीसारखा थर लागतो, म्हणजे पाणी बाहेर येतं आणि माती आतच राहते.

पाइपच्या बाहेरच्या अंगाने पाणी सरकत असेल तर काम मोठं आहे. झाडांचंही तसंच. मोठं झाड तोडलं की मुळं कुजतात आणि मागे पोकळ नळ्या राहतात. म्हणून मुळं खोदून काढून खड्डा थराथराने कुटत भरावा लागतो. आणि सांडवा. मातीच्या बांधावरून पाणी जाता कामा नये, कारण माथा ओलांडलेलं पाणी खालची कूस, म्हणजे बांधाचा खालच्या बाजूचा उतार, कापत सुटतं. हवाईमधलं का लोको धरण खासगी मालकीचंच होतं. 14 मार्च 2006 रोजी ते फुटलं आणि सात जण मेले. सांडवा बुजवला गेला असावा, असं तपासात पुढे आलं. मालकावर फौजदारी खटला चालला.

पातळी उतरवणं

छोट्या मालकांनी सर्वांत आधी याचा विचार करावा असं मला वाटतं, आणि नेमका हाच मार्ग विसरला जातो. पाणी कमी म्हणजे बांधावरचा दाब कमी, पाझर कमी, आणि फुटलाच तर खाली जाणारा लोंढाही लहान. पण इथे एक फसगत होते. झडप उघडी ठेवून पाणी खाली ठेवलं म्हणजे पातळी उतरली, असं मालक धरून चालतात. मोठ्या पावसात लहान पाइपला येणारं पाणी आवरत नाही, फांद्या अडकून त्याचं तोंडही बंद होतं, आणि एका रात्रीत तलाव पूर्वीइतका भरतो. म्हणून सांडव्याचा उंबरठाच कापून खाली घ्यावा लागतो, तोही तज्ज्ञाने पुराचा हिशेब केल्यावर आणि तळ झिजणार नाही असा पक्का करून. तळातला पाइप कुजका असेल तर मात्र नुसती पातळी उतरवून भागत नाही.

काढून टाकणं

पाण्याचा उपयोग उरला नाही, खाली वस्ती आहे आणि दुरुस्ती आवाक्याबाहेर आहे, तर हा मार्ग सर्वांत प्रामाणिक. खर्च एकदाच होतो आणि जबाबदारी संपते. पण जेसीबी लावून खाच मारणं म्हणजे काढून टाकणं नव्हे. अरुंद खाचेत पुराचं पाणी तुंबतं आणि उरलेला बांध तेव्हा फुटतो. खाच मूळ ओढ्याच्या तळापर्यंत खोल, पूर सहज जाईल इतकी रुंद आणि उताराच्या कडांची हवी. साठलेल्या गाळाचं काय करायचं तेही आधी ठरवा, नाहीतर तो सगळा खालच्या माणसाच्या शेतात जातो.

पातळी उतरवणं आणि काढून टाकणं, दोन्हींत पाणी सावकाश सोडायचं, साधारणपणे दिवसाला फूटभर. घाईने उपसलं तर पाण्याच्या बाजूची भिजलेली कूस घसरते. तिन्ही मार्गांना परवानगी लागू शकते, ती काम सुरू करण्याआधी विचारा.

निर्णयाला महिने लागतील. तोवर तज्ज्ञाला विचारून पाणी जमेल तेवढं खाली ठेवा आणि सांडव्याचं तोंड साफ करा. प्रत्येक मोठ्या पावसात स्वतः बांधावर फेरी मारा. खाली राहणाऱ्या प्रत्येक घरी जाऊन तुमचा नंबर द्या, त्यांचा घ्या, आणि रात्री फोन आला तर कोणत्या उंचवट्यावर जायचं ते त्यांच्याबरोबर चालत जाऊन बघा.