बिली हॉलिडे कुठून सुरू करायची: १९३५ ची की १९५७ ची?

अमेरिकन जाझ गायिका बिली हॉलिडे ऐकायची असं ठरवलं की पहिली अडचण येते ती म्हणजे कुठली बिली. ॲपवर नाव टाकलं की शेकडो गाणी समोर येतात, कुणीतरी बनवलेली 'बेस्ट ऑफ' लावली तर एका गाण्यात विशीतली हसऱ्या आवाजाची मुलगी असते आणि लगेच पुढच्या गाण्यात चाळिशीतली, खरखरीत आवाजाची बाई, आणि नवीन माणसाला खरंच वाटतं की ह्या दोन वेगळ्या गायिका आहेत. मध्ये वीस वर्षं गेलीत हे तिथे कुठे ठळक लिहिलेलं नसतं. म्हणून ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. तिचं आयुष्य, म्हणजे बाल्टिमोरचं बालपण, हार्लेम, ड्रग्ज, तुरुंग, हे साधारण ऐकून माहीत असेल असं धरतो.

निवड मुख्यतः दोन ढिगांमधली आहे. एक म्हणजे १९३५ पासून पुढची चारेक वर्षं, पियानोवाला टेडी विल्सन आणि त्याने त्या त्या दिवशी स्टुडिओत जमवलेली मंडळी. दुसरा ढीग १९५२ ते १९५७, निर्माता नॉर्मन ग्रान्झने आधी क्लेफ आणि मग व्हर्व ह्या लेबलांसाठी केलेली रेकॉर्डिंग्ज, तीही छोट्या बँडबरोबरच. मधला डेका कंपनीचा काळ, १९४४ ते १९५०, त्यात 'लव्हर मॅन' आहे आणि ते ऐकायलाच हवं, पण तो मी इथे धरत नाही, व्हायोलिनं पुष्कळ आहेत आणि सुरुवातीला त्यांची गरज नाही असं मला वाटतं. १९३९ चं 'स्ट्रेंज फ्रूट' तर कुठल्याच ढिगात बसत नाही. झुंडीने मारून झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांबद्दलचं ते गाणं तिच्या नेहमीच्या कंपनीने, कोलंबियाने, रेकॉर्ड करायला नकार दिला, मग कमोडोर नावाच्या छोट्या लेबलने केलं. न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी क्लबात ती ते शेवटी म्हणायची तेव्हा वेटर लोकांची ये-जा थांबवत, दिवे घालवत आणि फक्त तिच्या चेहऱ्यावर उजेड ठेवत, आणि त्यानंतर पुन्हा काही गायचं नाही. ते गाणं कधीही ऐका, पण रोज ऐकायचं गाणं ते नाही.

आता १९३५ ची बाजू. ह्या बाजूचे लोक फार आहेत, आणि जाणकार लोक आहेत, त्यामुळे मी जरा जपून बोलतो. २ जुलै १९३५ ला 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' रेकॉर्ड झालं तेव्हा ती वीस वर्षांची होती. बँडमध्ये बेनी गुडमन, रॉय एल्ड्रिज, बेन वेबस्टर, आणि गाणं इतकं सुसाट आहे की ती त्या वेगावर आरामात पाय पसरून बसल्यासारखी गाते, ठेका पुढे पळतोय आणि ही मागे रेंगाळतेय, आणि तरी कुठेच चुकत नाही. लयीशी हा खेळ तिने लुई आर्मस्ट्राँग ऐकून उचलला असं ती स्वतः सांगायची. मग १९३७ च्या जानेवारीत लेस्टर यंग येतो, त्याचा सॅक्सोफोन आणि तिचा आवाज एकमेकांशी जे बोलतात त्याला तोड नाही हे मीही मान्य करतो. त्याने तिला 'लेडी डे' म्हटलं, तिने त्याला 'प्रेझ', आणि दोघांची ती नावं कायमची चिकटली.

बरं, गाणी कसली होती तर बरीचशी साधी, काही तर सरळ टाकाऊ. चालणारी नवी गाणी आधी मोठ्या गोऱ्या स्टार्सकडे जायची, मग उरलेली ह्यांच्याकडे, कारण हे रेकॉर्ड मुख्यतः ज्यूकबॉक्ससाठी बनत होते. तिला मिळायचे ते ठोक पैसे, रॉयल्टी नाही. त्या फालतू ओळींना ती चाल थोडी वाकवून, सूर कमी करून, जे रूप देते ते बघण्यासारखं आहे आणि जाझ शिकणाऱ्या माणसाने हे ऐकलंच पाहिजे.

पण ऐकताना मला एक गोष्ट कायम खटकत राहिली आणि माझा निर्णय तिथेच झाला. ती गाते कधी?

हे नीट सांगतो, कारण लिहिणारे लोक ह्याबद्दल फारसं बोलत नाहीत. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ वेळा फिरणारी तबकडी, साधारण तीन मिनिटं. त्यात रेकॉर्ड टेडी विल्सनच्या ऑर्केस्ट्राची, लेबलवरही तसंच, आणि खाली बारीक अक्षरात की ध्रुवपद बिली हॉलिडेचं. म्हणजे आधी क्लॅरिनेट किंवा सॅक्स पूर्ण चाल वाजवणार, मग ती येणार, गाण्याचा एक फेरा म्हणणार, आणि मग परत ट्रम्पेट, पियानो, सगळे मिळून शेवट. 'मीन टू मी' घ्या, 'धिस इयर्स किसेस' घ्या, आधी लेस्टर यंग, तो अप्रतिमच आहे, पण मी बसलोय तिला ऐकायला. गाणं सुरू होऊन पहिलं मिनिट संपत येतं तेव्हा कुठे ती तोंड उघडते, आता लागलं बुवा ध्यान असं वाटेपर्यंत तिचा फेरा संपलेला असतो आणि रेकॉर्डही संपायला आलेली असते. पुढचं गाणं लावा, परत तेच. संध्याकाळभर ऐकलं की शेवटी तिचा आवाज एकूण ऐकला किती, तर वाटतं पोटभर नाही. घरी मी हे लावलं होतं तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातूनच विचारलं की अरे ही बाई गाणार कधी, आणि तिला जाझमधलं काही कळत नाही म्हणून सोडून द्यावं असा तो प्रश्न नव्हता.

आपल्या कानाची सवय वेगळी आहे हेही असेल. आपल्याकडेही त्या काळात तीन साडेतीन मिनिटांच्याच तबकड्या होत्या, अब्दुल करीम खाँसाहेब घ्या किंवा बालगंधर्व, पण तिथे गाणारा जवळजवळ पहिल्यापासून गातो, साथ ही साथच असते. तीन मिनिटांत गायकाला वाट बघायला लावायची कल्पनाच आपल्याला नाही. उलट न्यूयॉर्कच्या त्या मंडळींसाठी तीही बँडमधलं एक वाद्यच होती, ट्रम्पेटला एक फेरा तसा तिला एक, आणि त्या हिशोबाने ते अगदी बरोबर आहे. जो सॅक्स वाजवतो किंवा ज्याला बँड ऐकायचाय त्याला ही अडचण वाटणारच नाही, उलट हाच गुण वाटेल. मला तिला ऐकायचं होतं.

आता १९५० च्या दशकातली बाजू. आधी तिच्या विरुद्धचं सांगतो. आवाज उतरलेला आहे, आधीही त्याचा पल्ला फार मोठा नव्हता, आता तर वरचे सूर ती टाळते, कधी कधी शब्दाची कड घासल्यासारखी येते. मे १९४७ मध्ये अटक, मग वेस्ट व्हर्जिनियात ॲल्डरसनचा तुरुंग, मार्च १९४८ मध्ये सुटली आणि काही दिवसांतच कार्नेगी हॉल खच्चून भरवला, पण शिक्षा झालेली असल्यामुळे न्यूयॉर्कमध्ये क्लबात गायला लागणारं कॅबरे कार्ड गेलं ते गेलंच. म्हणजे जिथे दारू मिळते अशा ठिकाणी, म्हणजे जिथे जाझ चालायचं तिथेच, तिला तिच्याच शहरात गाता येईना. वाईट नवरे, हेरॉइन, हे सगळं चालूच. त्यामुळे ह्या काळातल्या रेकॉर्डबद्दल लोक एकाच सुरात बोलतात, बिचारी, आवाजात सगळं दुःख ऐकू येतं वगैरे. मला हे पटत नाही, मनापासून पटत नाही. जानेवारी १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला जी रेकॉर्डिंग्ज झाली, बेन वेबस्टर सॅक्सवर, हॅरी एडिसन ट्रम्पेटवर, जिमी रोल्स पियानो, बार्नी केसल गिटार, ती ऐका, त्यात ही बाई मजेत आहे. शब्द चघळत चघळत टाकते, 'जस्ट वन ऑफ दोज थिंग्ज'मध्ये तर सरळ खट्याळ वाटते. काम येणारी, स्वतःच्या आवाजात आता काय उरलंय आणि त्यातून काय काढता येईल हे पक्कं माहीत असलेली गायिका आहे ती.

आणि मुख्य म्हणजे ती पहिल्यापासून गाते! एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली होती, टेप आली होती, तीन मिनिटांचं बंधन गेलं होतं. 'बॉडी अँड सोल' सहा मिनिटांच्या वर आहे, आधी ती संपूर्ण गाणं सावकाश म्हणते, मग वाजवणारे आपापलं म्हणणं मांडतात, आणि मग ती परत येते. हेच गाणं तिने १९४० मध्ये तीन मिनिटांत केलंय, दोन्ही एकापाठोपाठ लावून बघा. १९४० चं सुंदर आहे, आवाज गोड आहे, पण ते गाणं म्हटलंय, १९५७ चं सांगितलंय, मला तरी असं वाटतं. बेन वेबस्टर तोच बरं का, जो १९३५ च्या जुलैत तिच्या मागे होता, बावीस वर्षांनी तोच माणूस तिच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत हलकेच काहीतरी म्हणून बाजूला होतो. साथ म्हणजे काय हे ज्याला ठुमरी ऐकायची सवय आहे त्याला इथे सांगावं लागत नाही, सारंगीवाला गायिकेच्या मागून जसा तिचीच जागा घेऊन जातो तसंच.

आणखी एक तुलना करून बघा, 'दीज फूलिश थिंग्ज', १९३६ ची आणि १९५२ ची. पहिलीत सॅक्सवर जॉनी हॉजेस आहे, दुसरीत ऑस्कर पीटरसन पियानोवर, म्हणजे वाजवणारे कुणीच कमी नाहीत. पण १९५२ मध्ये लय इतकी खाली आणलीय की प्रत्येक वस्तूचं नाव, ते लिपस्टिक लागलेलं सिगारेटचं थोटूक, ते विमानाचं तिकीट, वेगवेगळं दिसतं. मला विलंबित आवडतं म्हणूनही असेल, ज्यांना चालतं गाणं लागतं त्यांना कदाचित हे जड वाटेल. तसं असेल तर तेच 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' तिने १९५४ मध्ये परत केलंय ते ऐका, पळतं गाणं तिला तेव्हाही जमत होतंच.

लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट, १९३० च्या रेकॉर्डिंगमध्ये कितीही साफसफाई केलेली असली तरी खडखडाटात आवाज हरवतो, बास तर ऐकूच येत नाही, १९५७ ची माइकजवळची फुसफूसही पोचते. रात्री शांत घरात हा फरक तितका पडत नाही.

ज्यांना खास ब्लूज हवंय त्यांना मात्र आधीच सांगून ठेवतो, दोन्ही ढिगांत ते कमीच आहे. आत्मचरित्राच्या नावात ब्लूज असलं तरी ब्लूजच्या ठराविक बारा बारच्या साच्यातली गाणी तिने मोजकीच गायली, 'बिलीज ब्लूज' आणि 'फाइन अँड मेलो' ही मुख्य. तुमची भूक ती असेल तर सरळ ब्लूज गायिका बेसी स्मिथकडे जा. योगायोग बघा, निर्माता जॉन हॅमंडने बेसीचं शेवटचं रेकॉर्डिंग केलं २४ नोव्हेंबर १९३३ ला आणि बिलीचं पहिलंवहिलं त्यानंतर तीनच दिवसांनी, आणि बेनी गुडमन दोन्हीकडे हजर. मात्र 'फाइन अँड मेलो'चं डिसेंबर १९५७ मधलं टीव्हीवरचं चित्रीकरण कुठल्याही बाजूचे असाल तरी बघा. सीबीएसचा कार्यक्रम, गोल करून बसलेले सगळे दिग्गज, आणि लेस्टर यंग उठून एक छोटासा तुकडा वाजवतो, आजारी आहे, फार सूर नाहीतच त्यात, आणि बिली त्याच्याकडे बघत मान हलवत असते. पुढे १९५९ च्या मार्चमध्ये तो गेला आणि जुलैत ही.

एक सूचना मात्र नक्की देईन, 'लेडी इन सॅटिन'पासून सुरुवात करू नका. १९५८ ची ती एलपी बऱ्याच याद्यांमध्ये वर असते, तिची स्वतःचीही लाडकी होती, रे एलिसचा मोठा तंतुवाद्यांचा ताफा आणि त्यावर अगदीच झिजलेला आवाज. ज्याला आधीची बिली माहीत आहे त्याला ते पिळवटून टाकतं, ज्याला माहीत नाही त्याला प्रश्न पडतो की हिचं एवढं नाव का. माझ्या एका मित्राने तिथूनच सुरू केलं आणि तो परत फिरकलाच नाही.

तर माझ्या मते, आणि हे माझंच मत आहे, जानेवारी १९५७ च्या रेकॉर्डिंगमधून निघालेल्या एलपी घ्या, 'साँग्ज फॉर डिस्टँग्वे लव्हर्स' आणि 'बॉडी अँड सोल', सहा आठ गाणी रोज थोडी थोडी ऐका. तिच्या आवाजाची ओळख झाली, ती ओळ कुठे तोडते, कुठे उशिरा येते हे कानाला कळायला लागलं की मग १९३७ कडे जा. तेव्हा तो एकच फेरा तुटपुंजा वाटणार नाही, कारण काय ऐकायचं ते आधीच माहीत असेल, आणि वाट बघताना लेस्टर यंग आहेच.