आमच्या सोसायटीतील ‘फक्त हातांनी सीपीआर’ कार्यशाळा : एक सविस्तर अभिप्राय

गेल्या वर्षी आमच्या इमारतीतील साठीचे एक गृहस्थ सकाळी फिरून परतताना जिन्याजवळ कोसळले, तेव्हा आम्ही सात-आठ जण त्यांच्याभोवती होतो. कोणी पाणी शिंपडले, कोणी तळवे चोळले, कोणी फिट आली असेल असे समजून कांदा आणायला धावले. ते मधूनमधून तोंड उघडून मोठा श्वास ओढत होते, म्हणून ‘श्वास चालू आहे’ असे आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांच्या छातीवर कोणाचाही हात पडला नाही, आणि ते वाचले नाहीत. त्यानंतर व्यवस्थापक समितीत मी हा विषय लावून धरला आणि यंदा जूनमधल्या एका रविवारी सीपीआरची, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन त्याला वाचवण्याच्या प्रथमोपचाराची, एका प्रशिक्षण संस्थेची दोन तासांची कार्यशाळा आमच्या सभागृहात झाली. इतर सोसायट्यांना ठरवताना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. त्यात काही उणिवांचा उल्लेख असल्याने संस्थेचे नाव देत नाही.

माणशी २५० रुपये शुल्क होते आणि आम्ही ४२ जण होतो. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसाने करावयाची पद्धत, म्हणजे तोंडाने श्वास न देता केवळ छातीवर दाब देत राहणे, एवढाच विषय संस्थेने घेतला, आणि हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटला. प्रौढ माणसाचे हृदय अचानक बंद पडते त्या वेळी रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. ते रक्त मेंदूकडे ढकलणारा पंप मात्र थांबलेला असतो, आणि ते काम बाहेरून आपल्या हातांना करायचे असते. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संघटनेने २००८ मध्ये सामान्य नागरिकांसाठी ही पद्धत पुरस्कृत केली, तर भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये आपल्याकडील परिस्थिती लक्षात घेऊन याच धर्तीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावण्याचा संकोच उरत नाही, लक्षात ठेवण्याच्या गोष्टी कमी होतात आणि दाबात खंड पडत नाही. बुडालेली व्यक्ती, गळफास आणि लहान मुले यांच्या बाबतीत मात्र श्वास देणेही आवश्यक असते, हे प्रशिक्षिकेने आवर्जून सांगितले.

प्रत्यक्ष कृती शिकवण्यात संस्था उत्तम होती. रुग्णाला गादीवर किंवा सोफ्यावर न ठेवता कडक जमिनीवर उताणे घ्यायचे, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर, आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने किमान ५ सेंटिमीटर, पण ६ पेक्षा जास्त नाही, इतके खोल दाबायचे. हे ऐकताना सोपे वाटते. सरावासाठीच्या पुतळ्यावर हात ठेवल्यावर समजते की ५ सेंटिमीटर म्हणजे आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळच खोल. दाब पुरेसा झाला की पुतळ्यातून ‘टक्’ असा आवाज येत होता आणि आमच्यापैकी बहुतेकांना पहिले दहा-बारा दाब तो आवाज ऐकूच आला नाही. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, नाहीतर हृदयात पुन्हा रक्त भरत नाही, ही गोष्ट प्रशिक्षिकेने प्रत्येकाच्या शेजारी बसून, मनगटाला धरून शिकवली. बरगडी मोडण्याची भीती तीन-चार जणांनी बोलून दाखवली, तेव्हा तसे होऊ शकते हे तिने लपवले नाही. मोडलेली बरगडी जुळते आणि त्या भीतीने हात थांबवू नयेत, असे तिने स्पष्ट सांगितले.

गती साधण्यासाठी तिने एक इंग्रजी गाणे सुचवले, ते ज्येष्ठांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. मग मोठ्याने आकडे मोजायचे ठरले आणि तिथे एक अडचण दिसली : मराठीत वीसपर्यंत मोजताना ‘एकोणीस’ला आणि पुढे ‘एकोणतीस’ला जीभ अडते आणि हातही मंदावतात. एका निवृत्त शिक्षिकेने एक ते दहा पुन्हापुन्हा मोजण्याची सूचना केली आणि सर्वांची लय लगेच सुधारली. या पद्धतीत श्वास देण्यासाठी तीस दाबांनंतर थांबायचे नसल्यामुळे एकूण मोजदाद ठेवण्याची गरजच नसते. मराठी वर्गांत हेच शिकवावे, असे माझे मत आहे.

माझी मुख्य तक्रार वेळेच्या वाटणीविषयी आहे. पहिला तास आणि वर पाच मिनिटे पडद्यावरील चित्रांत गेली. हृदयाची रचना, झडपा, आकडेवारी. सरावाच्या वाट्याला ४० मिनिटे आली आणि पुतळे तीनच होते, म्हणजे माणशी जेमतेम तीन मिनिटे मिळाली. सलग दोन मिनिटे दाब दिल्यावर हात भरून येतात आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. ही अदलाबदल क्षणभरही न थांबता कशी करायची, याचा सराव झालाच नाही. प्रत्यक्ष प्रसंगात आपण एकटे नसू, शेजारीपाजारी असतील, त्यामुळे हा भाग वगळणे मला गंभीर वाटते.

दुसरी उणीव त्याहून मोठी आहे आणि ती भाषेशी निगडित आहे. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटे अनेक रुग्ण अधूनमधून ओढल्यासारखा श्वास घेतात, आणि तो खरा श्वास नसतो. पडद्यावर यासाठी ‘गॅस्पिंग’ एवढा एकच शब्द होता आणि तो एका वाक्यात संपला. आपल्याकडे यासाठी ‘आचके’ हा शब्द आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तो अनुभवाने जपलेला आहे. बेशुद्ध माणूस आचके देत असेल, तर श्वास चालू नाही असे समजून दाब सुरू करा, असे आमच्या जिन्याजवळ त्या सकाळी कोणाला माहीत असते तर कदाचित वेगळे घडले असते. सुरुवातीला काही क्षण हातपाय झटकल्यासारखे होतात आणि ती फिट वाटते, हेही मी विचारल्यावर सांगितले गेले. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही, आणि दहा सेकंदांत नेहमीसारखा श्वास दिसत नाही : एवढी ओळख पटली तरच पुढचे सारे शिक्षण उपयोगाला येते, म्हणून या भागाला निदान पंधरा मिनिटे आणि शक्य असल्यास चित्रफीत हवी.

स्त्रियांचा विचारही कमी पडला. तिन्ही पुतळे पुरुषाच्या छातीचे होते. साडीतील स्त्री कोसळली तर पदर, मंगळसूत्र बाजूला करून हात नेमका कुठे ठेवायचा, पुरुषाने ते करताना कचरू नये, हे बोलून दाखवणे आवश्यक होते, कारण संकोचापायी स्त्रियांना मदत कमी मिळते. दाब देणारी स्त्री साडीत असेल तर गुडघ्यांवर बसताना निऱ्या आवरून घ्याव्या लागतात, हे मी स्वतः अनुभवले. ज्येष्ठांना फरशीवर गुडघे टेकणे जमेना. त्यांना १०८ क्रमांक लावून फोन स्पीकरवर धरणे, मोठ्याने मोजणे आणि फाटक उघडे ठेवणे ही कामे वाटून द्यायला हवी होती.

फाटकाचा मुद्दा मी मुद्दाम मांडते. महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४ पासून आहे आणि तिच्या गाड्यांत डॉक्टरही असतो, पण गाडी फाटकाशी आल्यावर कोणती इमारत, कोणती लिफ्ट हे सांगायला कोणी नसेल तर मिनिटे वाया जातात. दाब न मिळाल्यास दर मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून सुरक्षारक्षक आणि घरकामाच्या मावशी यांचे शुल्क सोसायटीने भरावे, असा आग्रह मी धरला होता. रात्रपाळी संपवून आलेल्या एका रक्षकाचे दाब त्या दिवशी सर्वांत एकसारखे होते.

शुल्काच्या मानाने कार्यशाळा घेण्याजोगी आहे, परंतु अटी आधी लेखी ठरवून घ्याव्यात. हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत हातातून निसटू लागते, त्यामुळे आम्ही डिसेंबरात दुसरी तुकडी ठेवली आहे : माणसे वीस, पुतळे पाच, व्याख्यान वीस मिनिटांचे, गुडघ्यांखाली सतरंजीऐवजी जाड चटया, आणि पडद्यावर ठळक मराठीत ‘आचके म्हणजे श्वास नव्हे’. संस्थेने सर्व मान्य केले असून स्त्रीच्या छातीचा एक पुतळा मिळवण्याचेही कबूल केले आहे.